गुणवंत भोळे यांचा भिंतीतला सबवूफर

तापीकाठच्या एका गावात एक भोळा माणूस होता. आडनावही भोळेच, त्यामुळे गावाला त्याच्यासाठी वेगळा शब्द शोधावा लागला नाही. नाव मात्र गुणवंत. नाव ठेवतात तेव्हा मूल बारा दिवसांचं असतं. आईबापांना तरी काय कळणार?

गुणवंतच्या घराला तळघर होतं. त्याचे वडील तिथे केळी पिकवायचे. गुणवंतने तिथे टीव्ही लावला, सोफा टाकला आणि त्याला थेटर म्हणू लागला. एका बाजूची दगडी भिंत ओल धरायची म्हणून तिच्यापुढे हातभर जागा सोडून प्लायवूडची भिंत उभी केली होती. दुसऱ्या बाजूला भिंतीतलं सागवानी कपाट होतं. त्यात त्याची बायको इंदुमती पापड आणि ज्वारीच्या वाळवलेल्या बिबड्या ठेवायची. तिच्या बिबड्या पार सुरतेपर्यंत जायच्या. घरात अक्कल लागेल असा तेवढाच उद्योग होता.

इंदुमतीचा भाऊ हेमराज नाशिकला राहायचा. त्याने आपल्या घरी भिंतीच्या आत सबवूफर बसवला होता. सबवूफर म्हणजे नुसता धमधम आवाज काढणारा मोठा स्पीकर.

"दाजी, छातीत धडधडतं," हेमराज फोनवर म्हणाला. "मी स्वतःच्या हाताने बनवला. तुमच्याच्याने नाही व्हायचं."

हे गुणवंतला झोंबलं. रविवारी हेमराज घरी यायचा होता. तोवर सबवूफर वाजायलाच हवा होता.

सोमवारी तो शब्बीरभाईंकडे गेला. शब्बीरभाई तीस वर्षं लग्नांत लाउडस्पीकर लावत होते. त्यांनी त्याला मोठा काळा स्पीकर दाखवला, त्याला लागेल ती तार जोडून देतो म्हणाले, आणि सांगितलं, "गुणवंतभाऊ, आधी ठोकून बघा. पोकळ वाजेल तिथे गोल कापा. भरीव वाजेल तिथे हात लावू नका."

गुणवंतने शब्द न् शब्द लक्षात ठेवला.

घरी येऊन त्याने ठोकायला सुरुवात केली. दगडी भिंत ठोकली. भरीव. खांब ठोकला. भरीव. मग कपाटाचं दार ठोकलं. ठक ठक. पोकळ! त्याने कटर चालवला आणि सागवानी दाराला परातीएवढं सुरेख गोल भोक पाडलं.

इंदुमती धावत खाली आली. "अहो, हे कपाट आहे!"

"पोकळ वाजलं," गुणवंत म्हणाला.

तिने पापडांवरचा भुसा झटकला आणि ती वर निघून गेली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती.

मंगळवारी शब्बीरभाईंनी कपाळाला हात लावला. "भाऊ, पुढे जायच्या आधी मागे काय आहे ते बघायचं असतं! नीट उघडून बघायचं!"

गुणवंतने शब्द न् शब्द लक्षात ठेवला.

त्याने स्पीकर घरी नेला. आता तो बसवायचा. पण बसवायच्या आधी मागे काय आहे ते बघायला हवं. स्पीकरच्या मधोमध काळी टोपी होती. तिच्यामागे काय असेल? त्याने भाजीची सुरी घेतली आणि टोपी सोलून काढली. आत तार होती. तीही ओढून बघितली. पुष्कळ होती.

बुधवारी शब्बीरभाईंनी तो स्पीकर आणि सुटलेली तार हातात घेतली. दुकानात ते कधी रडले नव्हते. "भाऊ, असल्या वस्तूला बोटसुद्धा लावायचं नाही. मऊ कापडात गुंडाळायची, मांडीवर घ्यायची, लेकरासारखी छातीशी धरून न्यायची. कळलं? स्पीकर मी दुरुस्त करून ठेवतो. तोवर भिंतीत भरायला काचलोकर घेऊन या."

गुणवंतने शब्द न् शब्द लक्षात ठेवला.

काचलोकर म्हणजे काचेचे केसासारखे धागे. आवाज घुमू नये म्हणून आत भरतात. अंगाला लागली की माणूस खाजवून खाजवून बेजार होतो. गुणवंत तालुक्याला गेला. सोबत इंदुमतीची मऊ सुती साडी नेली. काचलोकर साडीत गुंडाळली, एसटीत मांडीवर घेतली, छातीशी धरली आणि मध्ये मध्ये थोपटलीही. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"काचलोकर," गुणवंत म्हणाला.

म्हातारीने जागा बदलली. गावात उतरेपर्यंत गुणवंत एसटीच्या दाराच्या चौकटीला पाठ घासत होता.

गुरुवारी त्याला खाजवत येताना बघून शब्बीरभाई दुकानातूनच ओरडले, "लांब उभे राहा! अहो, हातमोजे घालायचे, तोंडाला फडकं बांधायचं, घरात आली की थेट भिंतीच्या आत कोंबायची. दाबून भरायची. कणसुद्धा बाहेर दिसता कामा नये!"

गुणवंतने शब्द न् शब्द लक्षात ठेवला.

तो घरी पोचला तेव्हा इंदुमती गच्चीवरून बिबड्यांच्या टोपल्या उतरवत होती. सुरतेची मोठी ऑर्डर होती, शनिवारी जायची होती. "अहो, या टोपल्या तेवढ्या घरात घ्या. मी बाजारातून पिशव्या घेऊन येते."

घरात आली की काय करायचं, हे गुणवंतला आता पाठ होतं. त्याने हातमोजे घातले. तोंडाला फडकं बांधलं. प्लायवूडच्या भिंतीच्या टोकाची फळी काढली आणि सगळ्या बिबड्या आत कोंबल्या. दाबून भरल्या. कुरुम कुरुम आवाज येत होता. शेवटी कणसुद्धा बाहेर दिसेना. त्याला फार बरं वाटलं. पहिल्यांदाच काम तंतोतंत झालं होतं.

इंदुमतीने रिकाम्या टोपल्या बघितल्या. मग भिंत बघितली. मग ती खाली बसली आणि खरोखरची रडली. दहा दिवस ती पहाटे उठून ज्वारीचं पीठ शिजवत होती.

तिला रडताना बघून गुणवंत परत भिंतीत शिरला. त्याने अर्धा दिवस खपून सगळा चुरा उपसला आणि तिच्यापुढे ठेवला. "जोडता येतील का बघ," तो म्हणाला.

ती शुक्रवारी आणि शनिवारी त्याच्याशी बोलली नाही.

रविवारी सकाळी शब्बीरभाईंनी दुरुस्त केलेला स्पीकर स्वतः आणून दिला, प्लायवूडला गोल कापून त्यात बसवूनही दिला. आता यात चूक करायला जागाच नाही, असं त्यांना वाटलं. जाताना त्यांनी सिलिकॉनच्या दोन नळ्या त्याच्या हातात दिल्या. "काचलोकर आता राहू द्या. टोकाची फळी लावा आणि सगळ्या फटी आतून बंद करा. आतूनच हं! बाहेरून लावलं की वाईट दिसतं. आणि चोवीस तास काही हलता कामा नये. सिलिकॉन सुकायला हवं. तार मी उद्या येऊन जोडतो."

शब्बीरभाईंच्या मनात होतं, फळीच्या आतल्या कडेला सिलिकॉन लावून मग ती दाबून बसवायची. ते त्यांनी सांगितलं नाही. शहाण्या माणसालाही कधी कधी शहाण्यांचीच सवय असते.

गुणवंत भिंतीच्या आत शिरला. फळी ओढून घेतली. मोबाइलच्या उजेडात एकेक फट आतून भरली. मग पाठ दगडाला टेकवून उभा राहिला. हलायचं नाही.

दुपारी पावलं वाजली. हेमराजचा आवाज आला. "ताई, दाजी कुठायत?"

"मला काय माहीत?" इंदुमती म्हणाली.

गुणवंतला घाम फुटला होता. त्याला खोकला आला.

"अगं, चालूच आहे की!" हेमराज ओरडला. "काय आवाज आहे! जणू कुणी कानाशी खोकलं!"

गुणवंतचा ऊर भरून आला. सोयऱ्यांत असं कौतुक त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. न राहवून त्याने मुठीने दोनदा प्लायवूडवर मारलं. धम्. धम्.

"छातीत आलं, ताई! माझ्यापेक्षा भारी आहे हा. मानलं दाजींना."

गुणवंतचे डोळे पाणावले. पण तहानही लागली होती. "इंदू," तो म्हणाला, "पाणी दे गं."

हेमराज मागे सरकला. इंदुमती पुढे झाली. तिने टीव्हीमागे स्पीकरची तार बघितली. तार जोडलेलीच नव्हती.

"अहो, तुम्ही आत आहात?"

"हो."

"आत कशाला गेलात?"

"आतून बंद करायचं होतं."

हेमराजने पहार आणली आणि फळी उचकटली. गुणवंत बाहेर आला. केसांत सिलिकॉन, मिशीत बिबडीचा चुरा. हेमराज हसून हसून सोफ्यावर पडला. गुणवंतला हसू आलं नाही. त्याने मोबाइलमध्ये वेळ बघितली आणि त्याचा चेहरा रागाने लाल झाला.

"चोवीस तास हलवू नका म्हणून सांगितलं होतं! पाच तास झाले होते माझे. पाच! आता सगळं पहिल्यापासून!"

तो पाणी प्यायला. सिलिकॉनची दुसरी नळी घेतली. आत शिरला आणि फळी ओढून घेतली.

हेमराजने परत पहार उचलली. इंदुमतीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"राहू दे," ती म्हणाली. "चल वर. चहा टाकते."