शिळेवरचे चाळीस

त्या राज्यात वाट विचारल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे, आणि वाट सांगण्याचा मान एका कासवाचा होता. कासव हुशार, यात शंका नाही. मात्र ते जागचं हलत नसे. शेजारच्या शिळेवर खोऱ्यातल्या बिळांचा आकडा कोरलेला होता, चाळीस, आणि तो पाहूनच ते वाट ठरवी. हा आकडा राजा गव्याच्या आजोबांनी मोजून घेतला होता. दर वर्षी मोजणीच्या तिथीला शिळेला शेंदूर लागे, हार पडे, जेवणावळ होई. मोजणी तेवढी कोणी करत नसे.

एका सकाळी एक सशीण धापा टाकत आली. तिच्या पिल्लानं विषारी फळ खाल्लं होतं. उतारा साळिंदर वैद्याकडे होता, पण वैद्याचं बीळ कुठलं ते तिला ठाऊक नव्हतं. दुपारच्या आत औषध पोटात गेलं नाही, तर पिल्लू हाती लागणार नव्हतं.

कासवानं शिळेकडे पाहिलं. "चाळीसच तर बिळं. दारोदार विचारत जा. कोण कुठं राहतं त्याची यादी टेकडीवर सुगरणीकडे आहे म्हणा, पण एवढ्याशा कामासाठी तो चढ कशाला चढतेस?"

"कासवआजोबा, खोऱ्यात आता चार हजार बिळं आहेत!" नदीकाठच्या वाळूतून टिटवी ओरडली. दर दहाव्या गल्लीतली बिळं मोजून तिनं अंदाज काढला होता आणि चोचीनं वाळूत लिहिला होता. "दारोदार फिरली तर आठ दिवस लागतील तिला."

"सगळी मोजलीस का गं?" शिळेपाशी दरबार भरवून बसलेल्या गव्यानं दरडावलं.

"नाही महाराज. पण याच महिन्यात मोजली. तुमचे आजोबा या महिन्यात आले नव्हते मोजायला."

गव्यानं खुरानं तो आकडा पुसून टाकला. टिटवीनं पुन्हा लिहिला. त्यानं परत पुसला, आणि या खेपेस तिचा पाय खुराखाली आला. लंगडत तिनं तिसऱ्यांदा लिहिला. दरबार चिडीचूप होता. खरा राग येतो तो या दरबाराचा. दर वर्षी कोणी ना कोणी दारोदार फिरून उशिरा परते, आणि हे सगळे म्हणत, त्याचे पायच मंद.

सशिणीचं आधीचं पिल्लू अशाच उशिरानं गेलं होतं. तिनं वाळूतला आकडा वाचला, राजाकडे पाठ फिरवली आणि ती टेकडीकडे पळत सुटली.

दुपार व्हायच्या आत ती उतारा घेऊन परतली. पिल्लानं डोळे उघडले.

त्यानंतर वाटसरू शिळेला वळसा घालून वाळूकडे जाऊ लागले. आठवड्याभरानं कासवही तिथवर सरपटत गेलं. "पोरी, किती म्हणालीस?" त्यानं विचारलं.

पावसाळा उलटेपर्यंत गव्यालाही कळून चुकलं की आता आडवं जाण्यात अर्थ नाही. त्यानं नवी शिळा आणवली. तिच्यावर चार हजार कोरायचे ठरले, शेंदूर कालवला गेला, आणि टिटवीला मानानं आणायला ढोलताशांसह मिरवणूक निघाली.

हार घेऊन सगळे वाळूपाशी पोचले, तेव्हा गल्ल्या नव्यानं मोजून आलेली टिटवी आपलाच जुना आकडा पायानं पुसत होती.