दुसरीचं दूध

"तिचं दूध पिऊन वाढला, तर तो माझा राहील का, आई?"

धोंडूआई भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिली.

अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केलेली ही म्हातारी आता दवाखान्यामागच्या मठात राहते. अडल्यानडल्या बायका तिच्याकडं येतात. आज आली होती वृषाली मास्तरीण. सातव्या महिन्यात बाळंत झालेली. पोरगा वीस दिवस काचेच्या पेटीत. हिला दूधच येईना. मग दवाखान्याच्या दूधपेढीतून लेकराला दूध सुरू झालं. सध्या तिथं दूध द्यायला येणारी एकच बाई, वीटभट्टीवरची सुगंधा.

"तपासून देतात की ते," मठात आईसोबत राहणारी मी मध्येच बोलले.

"तुम्ही गप्प बसा हो!"

घ्या! मठ आमचा आणि गप्पही आम्हीच बसायचं.

"वजन किती झालं लेकराचं?" आईनं विचारलं.

"अकराशे ग्रॅम होतं. काल तेराशे भरलं."

"बरं झालं की."

"काय बरं झालं? नर्सबाई पेढे मागत होती, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. तिच्या दुधानं भरलं ना ते! माझ्या नाही. जळते मी, आई. बाटली भरून ती हसत बाहेर येते ना, मला तिचं तोंड बघवत नाही."

"मग?"

"उद्या डॉक्टरांना लिहून देते. तिचं दूध बंद करा म्हणून. माझं येईल तेव्हा येईल."

"आणि तोवर?"

तेवढ्यात आतल्या खोलीत एक तान्हं रडायला लागलं. आई गुडघ्यावर हात टेकत उठली. लेकरू घेऊन आली आणि सरळ मास्तरणीच्या मांडीवर ठेवलं.

"अहो, मला काय देता?"

"धर जरा. माझ्या हातात बळ नाही."

लेकरानं आकांत मांडला. मास्तरणीनं मान फिरवली. मग हळूच बघितलं. मग उचलून उराशी धरलं...

तिच्या झंपरवर दोन ओले डाग उमटले. बघता बघता पसरले.

वीस दिवस शतावरी झाली, मेथीचे लाडू झाले, नवस झाले. अगंबाई, आणि हे आत्ता!

"आई... कुणाचं हे?"

"सुगंधाचं. पोरीला इथं ठेवून गेलीय, बाटली भरायला."

मास्तरणीचा चेहरा उतरला. पोरगी तोंड उघडून तिच्या छातीशी धडपडत होती. बाईचे डोळे भरून आले. हात पदराशी गेला आणि तिथंच थांबला.

"पाजू? ... पण सुगंधानं बघितलं तर? तिला राग येईल हो."

धोंडूआईनं भिंतीला टेकून पाय पसरले.

"तिच्याकडं कुठला गं असायला? सगळा तूच घेऊन आलीस की."