साळूची जाळीची शाल

प्राणी एकमेकांसाठी लोकरीचं विणायचे, तेव्हाची ही गोष्ट. साळूनं आपल्याच पाठीचे दोन काटे सुया म्हणून उपसले आणि महिनाभर खपून मैत्रिणीसाठी, उंदरिणीसाठी, नाजूक जाळीची शाल विणली. उंदरीण घरी नव्हती, म्हणून शाल पोरांपाशी ठेवून ती गेली.

उंदरीण परतली, तिनं शाल उलगडली आणि कपाळाला हात लावला. शालभर भोकं!

"मेल्यांनो, मावशीची भेटसुद्धा कुरतडलीत?"

"आम्ही नाही गं!" सातही पोरं ओरडली. पण स्वतःचं लहानपण आठवणाऱ्या उंदरिणीला ते पटेना. तिनं सगळ्यांना बदडून काढलं आणि चार दिवस बसून एकूण एक भोक रफू केलं.

पाचव्या दिवशी साळू आली. शाल बघून तिच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले.

"अगं, माझी जाळी कुठे गेली? एकेक भोक मोजून विणलं होतं मी!"

उंदरिणीला ना शालीकडे बघवलं, ना पोरांकडे.

तेवढ्यात धाकटी पुढे आली. "आई, मार तर खाऊन झालाय. आता कुरतडू का?"