साकवाचा कठडा

"मशीन स्वस्तातलं आहे, म्हणूनच ना?"

रेडेकर गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीर मिस्त्री उकिडवे बसून गुरुजींनी आणलेला पाइपचा तुकडा अंगठ्यानं चाचपत होते.

गडहिंग्लजच्या रस्त्याला मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. चाळीस वर्षं ते नांगर, ट्रॉल्या, देवळांची दारं जोडत आले होते. गुरुजी कोळवाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. माणूस हुशार. घरचा पंखा, शाळेचा पंप, सगळं स्वतः दुरुस्त करायचे. आणि ते चारचौघांत सांगायचेही.

कोळवाडीच्या ओढ्यावरच्या साकवाला कठडा नव्हता. शाळेची पोरं तिथूनच यायची. गुरुजी म्हणाले, मी करतो. मोबाइलवर बघून एक छोटं वेल्डिंग मशीन मागवलं, दिवाळीच्या सुट्टीत कठडा उभा केला, त्याला हिरवा रंग दिला. गावानं शाल आणि नारळ दिला.

चार दिवसांपूर्वी पाचवीतली मैथिली त्या कठड्याला टेकली आणि जोड सुटला. मागच्या मुलीनं तिचं दप्तर धरलं, म्हणून ती खाली गेली नाही.

"दोनशे अँपिअरचं म्हणून विकलं मला," गुरुजी म्हणाले. "शंभर तरी देतं की नाही, देव जाणे. स्वस्त वस्तू ती स्वस्तच."

मिस्त्रींनी छिन्नी घेतली आणि तुकड्यावरचा न सुटलेला एक जोड खरवडला. हिरवा रंग गेला. खालून पांढरट भुकटी गळू लागली.

"पुट्टी," मिस्त्री म्हणाले. "ही मशीननं भरली व्हय?"

गुरुजींनी मान वळवली.

"जोड खडबडीत दिसत होते... भोकं पडली होती. ग्राइंडर मारला, तरी ती राहिलीच. मग बरं दिसावं म्हणून..."

"म्हंजे तुम्हाला दिसलं होतं."

रस्त्यानं एक ट्रक गेला.

"दिसलं होतं," गुरुजी म्हणाले.

मिस्त्रींनी स्टूल पुढं सरकवलं. "मग बसा. ज्याला दिसतच न्हाई, त्याला शिकवणं अवघड."

"शिकायला नाही आलो, मिस्त्री. तुमच्या मोठ्या मशीनवर सगळे जोड पुन्हा मारून द्या. उद्याच्या उद्या."

मिस्त्रींनी मोठं मशीन चालू केलं, आणि रॉड धरायचा होल्डर गुरुजींच्याच हातात दिला.

"मारा."

गुरुजींनी काच डोळ्यांपुढं धरली. ठिणग्या उडाल्या, रॉड दोनदा चिकटला. जोड गार झाल्यावर मिस्त्रींनी वरची खपली झाडली. खाली गांडुळासारखी वाकडी रेघ. मध्ये मध्ये भोकं.

"हेबी स्वस्तातलं?"

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पुढच्या रविवारी येतो," मिस्त्री म्हणाले. "तुमचंच मशीन ठेवा. तोवर साकव बंद करा."

"गावाला काय सांगू?"

मिस्त्री होल्डर खुंटीला अडकवत होते.

*

सोमवारी सकाळी गुरुजींनी साकवाच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि तिथंच उभे राहिले. पोरांना लांबच्या वाटेनं यावं लागणार होतं. सोबत आलेल्या प्रत्येक आईबापाला त्यांनी तेच सांगितलं.

"जोड कच्चे होते. मला माहीत होतं."

मैथिलीचा बाप त्यांच्याकडं बघत उभा राहिला, मग पोरीचा हात धरून निघून गेला. गुरुजींना वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

*

रविवारी मिस्त्री आले. मशीनला हात न लावता ओढ्याकाठच्या दगडावर बसले.

"वीज कुठनं आणली?"

"शाळेतून. साठ मीटर वायर जोडली."

"किती जाड?"

"घरात होती ती... पंख्याची."

"मग इथवर येईस्तोवर वीज दमत आसंल."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "लांब आणि बारीक तार, म्हणजे जास्त रोध. दहावीला शिकवतो मी हे!"

"शिकवता व्हय..." मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी रॉडची पेटी उघडली. रॉडवरचं आवरण हाताला सर्द लागत होतं.

"कुठं ठेवता?"

"मोरीच्या खोलीत."

"म्हंजे आंघोळ करून येत्यात."

मशीनचा अर्थिंगचा चिमटा कठड्याला लावलेला होता. थेट हिरव्या रंगावर, जिथून वीज नीट जातच नाही. मिस्त्रींनी नुसतं बोट दाखवलं. गुरुजी न सांगता खाली बसले आणि रंग, गंज, पुट्टी खरवडू लागले. लोखंड पांढरं दिसेपर्यंत खरवडलं. शाळेतल्या शिपायाला धाडून जाड वायर आणवली. मिस्त्री येतानाच आपले रॉड भाजून, कोरडे करून घेऊन आले होते, कापडात गुंडाळलेले.

दुपार कलली. एकही ठिणगी उडाली नव्हती.

"आता तरी मशीन चालू करायचं का?" गुरुजींनी विचारलं.

"करा. आणि माझ्याकडं पाठ करून बसा."

"पाठ करून काय दिसणार?"

"बघून बघून तर हितवर आलाय. आता ऐका."

गुरुजी ओढ्याकडं तोंड करून बसले. मागं आवाज सुरू झाला. कढईत भजी तळत असावीत तसा, एकसारखा, दाट. मग एकदम फरक पडला. फुर्र, फट्, फुर्र.

"आता काय केलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"रॉड... लोखंडापासून लांब गेला?"

"कितीक?"

"दोन बोटं?"

"अर्धं बोट." मिस्त्री हसले. "लांब गेला की हवा शिरती. हवा शिरली की भोकं. तुमच्या हाताला घाई हाय गुरुजी, ती रॉडला कळती."

त्या दिवशी मिस्त्रींनी गुरुजींना कठड्याला हात लावू दिला नाही. त्यांनी भंगाराच्या तुकड्यांवर रेघा ओढल्या. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. आठवडाभर शाळा सुटली की गुरुजी एकटेच तुकडे जोडत, हातोड्यानं तोडत, आत बघत. ठिणग्यांनी शर्टाला भोकं पडली. चारचौघांत बसणं बंद झालं. कुणी विचारलं, "किती दिवस लागतील?" तर म्हणायचे, "मिस्त्रींना विचारा."

चौथ्या रविवारी मिस्त्रींनी एक तुकडा उचलला, अगदी डोळ्यांजवळ नेला आणि मान हलवली.

"घ्या कठडा."

*

त्याच स्वस्तातल्या मशीनवर गुरुजींनी सगळा कठडा नव्यानं जोडला. सत्तेचाळीस जोड. रंग दिला नाही.

मिस्त्रींनी प्रत्येक जोडावर खपली झाडली, मग दोन किलोचा हातोडा गुरुजींच्या हातात दिला.

"सगळ्यांवर. जीव लावून."

पलीकडच्या काठावर गाव जमलं होतं. मैथिलीचा बापही होता, हाताची घडी घालून.

गुरुजी एकेका जोडावर घाव घालत निघाले. ठण्ण. ठण्ण. दहा झाले, वीस झाले. लोखंड थरथरायचं आणि स्थिर व्हायचं.

एकतिसाव्या जोडाला आवाज वेगळा आला. पाइप सुटून लोंबू लागला.

गुरुजींचा हात खाली आला. समोर अख्खं गाव. त्यांनी तुटलेल्या जोडाकडं पाहिलं, मग मैथिलीच्या बापाकडं, मग हातोडा खाली ठेवला आणि ग्राइंडर उचलला. पुट्टीचा डबा शाळेच्या कपाटात अजून होता. तिकडं त्यांचं मनही गेलं नाही. लोखंड पांढरं दिसेपर्यंत त्यांनी तो जोड साफ केला, काच धरली, पुन्हा मारला. गार होऊ दिला. पुन्हा हातोडा घातला.

ठण्ण.

राहिलेले सोळाही टिकले. मैथिलीच्या बापानं पुढं होऊन बाभळीची एक फांदी बाजूला ओढली. दुसरी गुरुजींनी ओढली.

लोक पांगल्यावर गुरुजी मिस्त्रींजवळ येऊन बसले.

"मिस्त्री... इतकं करूनही एक जोड खोटा निघाला."

मिस्त्री झोळीत हातोडा भरत होते.

"खोटा?... खोटा असता, तर हातोड्याला गप बसला असता, आन् पोरगी टेकल्यावर सुटला असता."