अठरा पूर्ण झालेला गेनू

वीऽऽव, वीऽऽव, वीऽऽव.

हा आवाज बोरवाडीत पहिल्यांदा आला तेव्हा कुत्री गप्प झाली आणि कोंबड्या झाडावर जाऊन बसल्या. लाल दिव्याची पांढरी गाडी आली. साप चावलेल्या सरूबाईला घेऊन गेली. काही दिवसांनी सरूबाई आपल्या पायांनी चालत घरी आली.

त्या बोरवाडीत एक भोळा पोरगा होता. त्याचं नाव गेनू. सरूबाई त्याची आई. तेव्हा तो एवढासा होता, पण तो आवाज त्याच्या कानात जाऊन बसला तो बसलाच. मोठेपणी कोण होणार, असं कुणी विचारलं की गेनू म्हणे, "वीऽऽव."

गेनू मनानं लोण्यासारखा. फक्त एवढंच, की त्याला सांगितलेलं तो करी. जेवढं सांगितलं तेवढंच करी, आणि एकदा सांगितलेलं कधी विसरत नसे.

दहावी कशीबशी पार पडली आणि गेनू तालुक्याला गेला. तिथं त्या गाडीवर काम करणाऱ्यांना शिकवण्याचं केंद्र होतं. कुलथे मॅडम तिथल्या मुख्य.

"वय किती?" मॅडमनी विचारलं.

"सतरा."

"अठरा पूर्ण लागतात. कुणाचा जीव हातात घ्यायचा असतो. अठरा पूर्ण नसतील तर कलेक्टर आला तरी मी आत घेणार नाही."

"मग मी काय करू?"

"अठरा पूर्ण झाले की ये. तोपर्यंत घरी बस."

"बरं," गेनू म्हणाला.

तो घरी आला आणि ओट्यावर बसला. दुपारी वासरू सुटलं.

"गेन्या, धर रे त्याला," सरूबाई आतून ओरडली.

"मॅडमनी बसायला सांगितलंय."

वासरानं गाईचं सगळं दूध पिऊन टाकलं. गेनू बसून बघत होता. सरूबाईनं कपाळाला हात लावला.

"अरे, बस म्हणजे असं नाही रे. वासरू सुटलं तर उठायचं. उद्यापासून मामाकडं जा. तो सांगेल ते ध्यानात ठेव."

"बरं," गेनू म्हणाला.

भिकूमामाचा बैलांचा व्यापार. त्यानं गेनूला बाजारात नेलं, एका खोंडाचा जबडा उघडला आणि सांगितलं, "मालक वय काहीही सांगतो. तोंडी वयावर जायचं नाही. दात बघायचे. पक्का दात एकही नसेल तर तो आदत. म्हणजे कोवळं पोर. त्याला कामाला लावायचं नाही, परत पाठवायचं. आणि काही मालक लई लबाड असतात बरं का. वय चोरायला दातांची कारागिरी करतात. त्यांना सोडायचं नाही."

"बरं," गेनू म्हणाला.

त्याच आठवड्यात मामाच्या मुलीला बघायला पाहुणे आले. पोहे झाले. नवऱ्या मुलाचा बाप म्हणाला, "आमचा मुलगा चोवीसचा आहे."

गेनू उठला. त्यानं एका हातानं मुलाचं नाक वर धरलं आणि दुसऱ्या हातानं जबडा खाली ओढला.

"मामा, मालक लबाड आहे. हा चौतीसच्या आत नाही."

पाहुणे पोह्याच्या बशा तशाच ठेवून निघून गेले. मुलगा खरोखर चौतीसचा होता, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

"अरे गाढवा," मामा म्हणाला, "चालत्याबोलत्या माणसाच्या तोंडात हात घालतात का? माणसाचं वय बघायचं तर दाखला मागायचा."

"बरं," गेनू म्हणाला.

असं करता करता गेनूचा वाढदिवस आला. तो पहाटेच निघाला आणि दाखला छातीशी धरून केंद्राच्या फाटकापाशी उभा राहिला. मॅडम आल्या.

"आज अठरा झाले ना? मग आत ये."

"अजून पूर्ण नाहीत. आई म्हणते मी दिवेलागणीला जन्मलो."

दिवसभर तो उन्हात उभा राहिला. केंद्रातले दिवे लागले तेव्हा कुठं त्यानं पाय आत टाकला. मॅडम घरी जायला निघाल्या होत्या. त्या थांबल्या, त्याला पाणी दिलं आणि त्याचं नाव लिहून घेतलं.

गेनू शिकायला लागला. पट्टी बांधायला लागला, छाती दाबायला लागला. स्ट्रेचर तर असा उचली, की त्यावर ठेवलेला भरला पेला हिंदकळत नसे. मॅडम मनात म्हणाल्या, पोरगा होईल तयार.

एका दुपारी चहावाल्या यमुनामावशी ऊन लागून केंद्राच्या दारात बेशुद्ध पडल्या. सगळ्यांच्या आधी गेनू धावला. तो त्यांच्या कानाशी वाकला.

"मावशी, दाखला आहे का?"

मावशी काही बोलेनात. गेनू दाखल्याची वाट बघत बसला. शेवटी मॅडमनीच येऊन मावशींना शुद्धीवर आणलं.

"गेनू, पडलेल्या माणसाला दाखला मागायचा नाही. आधी तोंड उघडून बघायचं. आत काही सैल असेल, अडकलेलं असेल तर बाहेर काढायचं."

"बरं," गेनू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी केंद्राचा शिपाई मारुतराव जेवून बाकावर आडवा झाला होता. गेनूनं त्याचं तोंड उघडलं आणि गालातली तंबाखू काढून फेकून दिली. मारुतराव हातात झाडू घेऊन केंद्राभोवती त्याच्या मागं पळाला.

"अरे बाबा," मॅडम म्हणाल्या, "झोपलेल्याला हात लावायचा नाही. आधी खांदा हलवून हाक मारायची. बोलला नाही तरच तोंड उघडायचं."

"बरं," गेनू म्हणाला.

मग परीक्षेचा दिवस आला. जिल्ह्याचे मोठे डॉक्टर परीक्षा घ्यायला आले. केस पांढरे, काठी हातात, पण बोलणं खणखणीत. ते ज्याला पास करतील तो उद्यापासून गाडीवर. सरूबाई गूळ घेऊन फाटकाबाहेर उभी होती. नजर सारखी दाराकडे.

गेनूची पाळी आली. डॉक्टर टेबलावर आडवे झाले. "समज, मी बेशुद्ध पडलोय. काय करशील?" एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

गेनूनं दाखला मागितला नाही. त्यानं खांदा हलवला. "साहेब, झोपलात का?"

साहेब बेशुद्ध होते, म्हणून बोलले नाहीत.

गेनूनं हळूच तोंड उघडलं. आत काहीतरी सैल हललं. त्यानं ते अलगद काढलं. साहेबांची अख्खी कवळी, वरची आणि खालची, त्याच्या हातात आली.

मॅडमचा चेहरा उजळला. "बरोबर केलंस गेनू. सैल कवळी काढूनच ठेवायची असते."

साहेबांनीही डोळे उघडून खुशीनं मान हलवली. इथं गेनू पास झाला होता.

पण गेनू अजून साहेबांच्या तोंडात बघत होता. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मॅडम, ही कारागिरी आहे. साहेबांचा स्वतःचा एकही दात नाही. साहेब आदत आहेत."

"गेनू, कवळी दे त्यांची."

"कशी देऊ? वय चोरलंय त्यांनी. तुम्हीच म्हणालात, अठरा पूर्ण नसतील तर कलेक्टर आला तरी आत घ्यायचं नाही."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या.

गेनूनं साहेबांना हात देऊन उठवलं, काठी हातात दिली आणि तान्ह्या लेकराला न्यावं तसं सांभाळून फाटकापर्यंत नेलं. साहेब "आ आ" करत होते. गेनूला त्यांची फार दया आली.

"साहेब, वाईट वाटून घेऊ नका. मलासुद्धा आधी परत पाठवलं होतं. अठरा पूर्ण झाले की या. तोपर्यंत घरी बसा. वासरू सुटलं तर उठा. दात मी जपून ठेवतो."

सरूबाईला वाटलं, साहेब पोराला पास करूनच बाहेर आले. तिनं डोळे पुसले आणि गुळाचा चांगला मोठा, कडक खडा त्यांच्या हातावर ठेवला.

"खा साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी गुळाकडे बघितलं. गेनूच्या मुठीतल्या दातांकडे बघितलं. आणि ते काठी टेकत रस्त्यानं चालू लागले.