थोरल्या भावाचा शंख

पूर्वी शूर्पारक बंदरावर राजा सुबाहूची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व दक्षिणेकडच्या एका निवांत बेटावर शंखात राहणाऱ्या खेकड्यांच्या कुळात जन्माला आला होता. त्याच्या थोरल्या भावाला बगळ्याने शंखातून ओढून नेले होते. मागे राहिलेला शंख बोधिसत्त्वाने घेतला. पुढे तो शंख त्याला घट्ट होऊ लागला, तरी तो सोडवत नव्हता.

एके सकाळी एका कुरव पक्ष्याने सर्वांत धाकट्या कणूला उचलून खडकावर आपटले. कणू वाचला, पण त्याचा शंख फुटला. मऊ अंगाचा कणू उन्हात उघडा पडला. वर कुरव घिरट्या घालीत होता.

तेवढ्यात लाटेने एक भला मोठा रिकामा शंख किनाऱ्यावर आणला. खेकड्यांची रीत अशी, की अशा वेळी मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावायची. पहिल्याने नवा शंख घ्यायचा, त्याच्या शंखात दुसऱ्याने शिरायचे आणि शेवटचा रिकामा शंख धाकट्याला मिळायचा. मध्येच एक जण अडला, की मागचे सगळे अडले.

सर्वांत मोठी थोराक्का टुणकन नव्या शंखात गेली. दुसरा नंबर बोधिसत्त्वाचा. तो हलेना.

"अरे, निघ की!" थोराक्का ओरडली. "लाजतोस काय? तुझं बूड बघायला कुणी आलेलं नाही!"

"दादा, मी अर्धा बाहेर आलोय," मागचा तुरतुऱ्या कळवळला. "पाठ भाजते!"

"हा माझ्या भावाचा आहे," बोधिसत्त्व म्हणाला.

तुरतुऱ्या म्हणाला, "ठाऊक आहे, दादा. मी नीट वापरीन."

बोधिसत्त्वाने रांगेच्या शेवटी पाहिले. कणू वाळूत अंग खुपसायला धडपडत होता आणि कुरवाची सावली त्याच्यावर आली होती. 'भावाला मी वाचवू शकलो नाही. याला वाचवू शकतो,' असे मनात येताच त्याने स्वतःला शंखातून खेचून काढले आणि तो थोराक्काच्या जुन्या, रिकाम्या शंखात शिरला.

मग टक्, टक्, टक् करीत सारी रांग पुढे सरकली. कुरव खाली उतरला तेव्हा त्याची चोच कठीण शंखावर आपटली. दोनदा टोचून तो वैतागून उडून गेला.

"आत केवढी जागा आहे! दोन पाहुणे मावतील!" कणू आतून ओरडला.

भावाचा शंख पाठीवर घेऊन तुरतुऱ्या ओल्या वाळूवर धावत सुटला. तो शंख असा पळताना पाहून बोधिसत्त्वाला आधी भरून आले, मग हसू फुटले. कित्येक दिवसांनी त्याने पाय ऐसपैस पसरले.

ही हकीकत सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची थोराक्का ती महाप्रजापती, तुरतुऱ्या तो आनंद, कणू तो राहुल आणि गेलेला थोरला भाऊ तो सारिपुत्त. रांग अडवणारा आणि मग मोकळी करणारा मीच होतो. जिवाला चिकटलेली वस्तू दुसऱ्याच्या जिवासाठी सोडणे, हीच दानपारमिता."