वस्तादांच्या मशीनची ढाल

"मग माझ्या भावाचा डोळा कुणी घेतला?"

भैरू वस्ताद सारवलेल्या अंगणात बसून झेंडूची माळ ओवत होते. त्यांनी मान वर केली नाही. सुईत फूल घेतलं आणि दोऱ्यावर सरकवलं.

"बस की, स्वरूपा."

"बसायला नाही आले मी. आधी सांगा. देवानं घेतला? नशिबानं? गावात तर कुणी म्हणतं, रानातल्या म्हसोबाचा कोप झाला."

तिच्या खांद्यावर लाकूड कापायचं कटर मशीन होतं. गावापासून वरच्या वस्तीपर्यंतची सगळी चढण तिनं ते तसंच वाहून आणलं होतं. आता तिनं ते खाली ठेवलं, ते आपटूनच.

वस्तादांनी पुढचं फूल घेतलं.

आजऱ्याच्या त्या रानपट्ट्यात कुऱ्हाडी मागं पडल्या आणि पेट्रोलवरची मशीनं आली, तेव्हा पहिलं मशीन आणलं ते याच भैरू सुतारांनी. त्यांच्या हाताखाली अकरा जण तयार झाले. आज खंडेनवमी होती. थोड्या वेळात ते अकरा जण आपापली मशीनं घेऊन येणार, घोंगडीवर ओळीनं मांडणार, हळदकुंकू वाहणार आणि वस्तादांच्या पाया पडणार. त्या अकरांतला एक स्वरूपाचा भाऊ, रवळू.

चार महिन्यांपूर्वी रवळू सिल्व्हर ओकची फांदी कापत होता. पात्याचं टोक मागच्या दुसऱ्या फांदीला लागलं. मशीन उसळलं आणि उलटं त्याच्याच तोंडावर आलं. भुवईपासून जबड्यापर्यंत चेहरा चिरला. डावा डोळा गेला.

"उद्या दसरा," स्वरूपा म्हणाली. "उद्या दादा पुन्हा कामावर निघालाय. पाटलांच्या परड्यातलं वाळलेलं फणसाचं झाड काढायला. हेच मशीन घेऊन."

वस्तादांची सुई थांबली.

"एका डोळ्यानं?"

"एका डोळ्यानं! काल त्यानं चहाचा कप बशीत ठेवायला म्हणून बशीच्या बाहेर ठेवला. चहा सगळा मांडीवर. एका डोळ्याच्या माणसाला अंतर कळत नाही, वस्ताद. कप कुठं टेकतो ते ज्याला कळत नाही, त्याला पात्याचं टोक कुठं टेकतंय ते कळणार?"

"तू बोललीस त्याला?"

"चार महिने बोलतेय. म्हणतो, पुस्तकातलं मशीन वेगळं, रानातलं वेगळं."

स्वरूपानं वनशास्त्राची पदवी घेतली होती. कॉलेजात तिनं मशीन उघडलं होतं, जोडलं होतं, चालवलं होतं. घरात मात्र त्याला धार लावायलासुद्धा कुणी तिच्या हातात दिलं नव्हतं.

"मशीन बघू."

तिनं ते पायानंच त्यांच्याकडं सरकवलं.

वस्तादांनी मशीन मांडीवर घेतलं. त्यांचा हात वरच्या हँडलवर आला आणि तिथून पुढं, रिकाम्या जागेवर थांबला. तिथं प्लास्टिकची एक आडवी ढाल असते. मशीन उसळलं की मनगट त्या ढालीवर आदळतं, आतला ब्रेक लागतो आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत चेन जागच्या जागी थांबते.

रवळूच्या मशीनला ती नव्हती. दोन भोकं तेवढी होती, तेलानं काळी झालेली.

"काढली त्यानं?"

"काढली. अकराच्या अकरा जणांनी काढलीय. का काढली, ठाऊक आहे?"

तिनं ओसरीकडं बोट केलं. तिथं पाटावर वस्तादांचं मशीन पूजेसाठी पुसून ठेवलं होतं. नारिंगी रंग पार उडालेला. हँडलपुढं मोकळी जागा.

"तुमच्या मशीनला नाही म्हणून! ज्याच्या मशीनला ढाल, तो शिकाऊ. ज्यानं काढली, तो गडी. दादानं ती काढली त्या दिवशी घरात पेढे आणले होते, वस्ताद. मी खाल्ला त्यातला एक."

वस्तादांनी मांडीवरचं मशीन खाली ठेवलं.

"मी कुणाला ढाल काढ म्हणून सांगितलं नाही," ते म्हणाले.

झालं. पेटलेल्या चुलीत कुणी रॉकेल ओतावं तशी ती भडकली.

"हेच! हेच ऐकायचं राहिलं होतं! आम्ही कुठं सांगितलं? घरात बाबा हेच म्हणतात, गावात सरपंच हेच म्हणतात, आणि आता तुम्ही. तुम्ही मोठी माणसं कधी काही सांगतच नाही. नुसती करता. आणि आमचे डोळे जातात. आमची माणसं जातात. मग तुम्ही येऊन पाठीवरनं हात फिरवता आणि म्हणता, भोग असतात बाई एकेकाचे!"

"मी भोग म्हणालो नाही."

"सत्तावीस वर्षं तुम्ही ढालीशिवाय मशीन चालवताय. तुम्हाला एक ओरखडा नाही. एक!"

"नाही..."

वस्तादांनी आपले दोन्ही हात उलटे सुलटे करून पाहिले. दहा बोटं. सगळी जागच्या जागी.

"पडला असता तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

स्वरूपा बोलता बोलता थांबली. पण तिचा राग काही उतरला नाही. म्हातारी माणसं असं एखादं वाक्य बोलून मोकळी होतात, हे तिला चांगलं माहीत होतं.

"मग आज सांगा. सगळ्यांसमोर. ढाल बसवल्याशिवाय कुणी मशीनला हात लावायचा नाही, आणि रवळूनं तर लावायचाच नाही."

"झाड पडताना सरळ मागं पळू नका, तिरकं पळा, हे मी शंभरदा सांगितलं. जोतिबा अजून सरळच पळतो. का?"

"का?"

"माझा गुडघा दुखतो. मला तिरकं पळता येत नाही."

"म्हणजे काही करणार नाही तुम्ही. माळा ओवणार."

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात देऊन, हळू. घरात गेले. माळ्याला शिडी लावल्याचा आवाज आला. मग पत्र्याचे डबे सरकल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पुठ्ठ्याचं एक पाकीट होतं. एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. वरचे पोस्टाचे शिक्के पुसट झालेले. सुतळीची गाठ मात्र जशीच्या तशी.

"फांदी पडून माझी ढाल फुटली. शहरातनं दुसरी मागवली. यायला दोन महिने लागले. तोवर मी तसंच काम केलं. पोरं म्हणायला लागली, वस्तादला ढाल लागत नाही..."

"मग?"

"ऐकायला बरं वाटलं."

स्वरूपानं सुतळी तोडली. आत काळी कोरी ढाल होती. तेलकट कागदात गुंडाळलेली, आणि तिच्यासोबत लहानशा पुडीत दोन स्क्रू.

ते दोन स्क्रू तिनं तळहातावर घेतले.

"दोन स्क्रू होते, वस्ताद." तिचा आवाज फाटला. "सत्तावीस वर्षं... दोन स्क्रू!"

"व्हय."

"बसवा. आत्ता. माझ्यासमोर."

"मला येत नाही."

ती चेष्टा असेल म्हणून तिनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. चेष्टा नव्हती.

"तू दाखव," वस्ताद म्हणाले.

अकरा जण आले तेव्हा पाट रिकामा होता. वस्तादांचं मशीन पोत्यावर उघडं पडलं होतं. शेजारी स्वरूपा, हातात पाना, कोपरापर्यंत काळी. आतल्या ब्रेकच्या पट्ट्यावर बसलेलं वर्षानुवर्षांचं लाकडाचं भुसकट ती खरवडून काढत होती. आणि वस्ताद तिच्यासमोर मांडी घालून, शाळेतल्या पोरासारखे.

"काय गं," जोतिबा म्हणाला, "पूजा आहे का ऑपरेशन?"

दोघेतिघे हसले.

रवळू हसला नाही. त्यानं काळा चष्मा लावला होता. त्याच्याखालून जबड्यापर्यंत लाल वण उतरला होता.

"स्वरूपा, घरी जा. लाज काढू नको माझी."

"तिला कुणी हलवायचं नाही," वस्ताद म्हणाले.

तिनं दुसरा स्क्रू आवळला, झाकण लावलं आणि उठून चार पावलं मागं सरली. "बाकीचे पण मागं व्हा. अजून. अजून मागं, जोतिबा!"

वस्ताद उभे राहिले. मशीन उचललं. एका हातानं ते हवेतच खाली झोकलं आणि दुसऱ्या हातानं दोरी ओढली, गेली सत्तावीस वर्षं ओढत होते तशी.

"खाली ठेवा!"

अंगण गार पडलं. वस्तादांवर आवाज चढवलेला त्या अकरांपैकी कुणी कधी ऐकला नव्हता. एकानं तर हातातली कुंकवाची वाटी सांडली.

"हवेत कोण चालू करतं? जमिनीवर ठेवा. ढाल पुढं ढकला, ब्रेक लागू दे. आता उजवा पाय मागच्या हँडलमध्ये."

वस्तादांनी मशीन खाली ठेवलं. पाय पुढं केला.

"अनवाणी? बूट कुठायत?"

"अगं, पूजेचं अंगण आहे," जोतिबा म्हणाला. "इथं पायताण घालून..."

"मग पूजा तरी करा नाहीतर मशीन तरी चालवा! दोन्ही एकदम करता, म्हणून तर दवाखान्यात जाता!"

वस्ताद गोठ्याकडं गेले. शेण काढायचे गमबूट घालून आले. धोतराचा सोगा एका बुटात कोंबलेला, दुसऱ्याच्या बाहेर. कुणीतरी हसायला तोंड उघडलं, आणि मग मिटलं.

"धोतर चालणार नाही," स्वरूपा म्हणाली. "आज नुसतं मशीन सुरू करायचंय म्हणून सोडते. कापायचं असेल तर जाड पँट, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर जाळी. कळलं?"

"कळलं."

ते वाकले. गुडघा कडकन वाजला. डावा हात हँडलवर, उजवा पाय मागं, उजव्या हातात दोरी. एकदा ओढली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मशीन गुरगुरलं.

"उचला. दोन्ही हातांनी. अंगठा हँडलच्या खालून घ्या... खालून! आता ढाल मागं ओढा."

त्यांनी ढाल मागं ओढली.

"आता रेस द्या."

चेन फिरायला लागली. अंगणभर निळा धूर झाला.

"रेस सोडू नका. डाव्या मनगटानं ढाल पुढं ढकला."

वस्तादांनी मनगट टेकवलं.

टक्.

चेन थांबली. इंजिन तसंच ओरडत होतं, पण दात न् दात जागच्या जागी उभा होता.

वस्ताद त्या थांबलेल्या चेनकडं बघत राहिले. मग त्यांनी ढाल मागं ओढली, पुन्हा रेस दिली, पुन्हा मनगट टेकवलं.

टक्.

आणि पुन्हा.

टक्.

रवळूचा हात नकळत वर गेला आणि चष्म्याच्या डाव्या काचेवर थांबला.

वस्तादांनी मशीन बंद केलं. अंगणात पेट्रोलचा आणि झेंडूचा वास. दहा मशीनं दहा जणांच्या हातांतच होती, रवळूचं स्वरूपानं आणलेलं तसंच बाजूला पडून होतं; एकही अजून घोंगडीवर ठेवलं गेलं नव्हतं. जोतिबा आपल्या हँडलपुढची दोन रिकामी भोकं बोटानं चाचपत होता.

शेवटी रवळू पुढं झाला. दर वर्षी तोच पहिला पाया पडायचा. तो वाकला. आवाज मघासारखा राहिला नव्हता.

"वस्ताद... उद्या पाटलांचा फणस काढायला जायचं म्हणतोय. जाऊ?"

वस्तादांनी गमबुटातले पाय मागं घेतले.

"मला काय विचारतोस, रवळू? मी आज सकाळीच शिकायला लागलोय."